‘अटकेवर होते’ म्हणणारे कागद तपासून पाहा

“आमचे मूळपुरुष राघोबादादांबरोबर अटकेवर होते. घरची वंशावळ, इनामाची कैफियत आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांची वही हा पुरावा.” आडनाव तेवढे बदलून हा मजकूर घराण्याघराण्यांच्या ग्रुपवर फिरतो. पूर्वजांविषयीची ओढ मला मनापासून समजते. म्हणूनच हा पुरावा पारखून घ्यावासा वाटतो.

आधी दादांची सोबत. एप्रिल १७५८ मध्ये लाहोर मराठ्यांच्या हाती आले. ४ मे रोजी दादांनी नानासाहेब पेशव्यांना पत्र लिहिले ते लाहोरहूनच, आणि पुढे ते माघारी वळले. अटकेच्या, म्हणजे सिंधूकाठच्या किल्ल्याच्या, रोखाने गेली ती तुकोजी होळकर, साबाजी शिंदे यांची पथके. पूर्वज खरोखर त्या बाजूला गेला असेल, तर तो दादांच्या नव्हे, या सरदारांच्या कागदांत शोधायला हवा.

वंशावळीत नावे मोजा. तीस वर्षांची पिढी धरली तरी तेव्हापासून आजवर नऊएक पिढ्या होतात. सहाच असतील तर मधली माणसे गळली आहेत, किंवा मूळपुरुष नंतरच्या काळातला आहे.

खरा घोळ कैफियतीत, म्हणजे इनामदाराने सरकारला लिहून दिलेल्या हकिकतीत आहे. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनामांची चौकशी करणाऱ्या इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि हक्क सिद्ध करण्याचा भार इनामदारावर पडला. सनद (इनाम दिल्याचा मूळ सरकारी कागद) हरवलेल्यांनी वाडवडिलांकडून ऐकलेले लिहून दिले. जमीन जाण्याच्या धास्तीने लिहिलेल्या मजकुरात पराक्रम फुगणारच. शिवाय ते मोहिमेनंतर शंभर वर्षांनी मांडलेले, पक्षकाराचे स्वतःचे म्हणणे! सनद असेलच, तर तिची मिती ताडून पाहा. लाहोरच्या त्या पत्राच्या दिवशी शके १६८०, बहुधान्य संवत्सर होते आणि सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांत अरबी शब्दांत लिहिले जाणारे वर्ष, ‘समान खमसैन मया व अलफ’ (११५८). शक चैत्रात बदलतो, सुहूर सन जूनमध्ये, मृग नक्षत्र लागले की. मागाहून तयार केलेला कागद अडखळतो तो इथेच.

उपाध्यांची वही मोलाची आहे, पण यात्रेकरूने सांगितलेले नाव, गाव, वाडवडील एवढेच तिच्यातून कळते. मोहिमेची साक्ष ती देत नाही.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत. सरदाराचे नाव हाती घेऊन त्यांतली पथकाची हजेरी आणि खर्चाचे कागद पाहा. पूर्वज लढाईत पडल्याचे घरात सांगत असतील, तर मुलांना बालपरवेशी (लढाईत पडलेल्याच्या मुलांच्या पालनपोषणाची नेमणूक) मिळाल्याची नोंद आधी शोधा.