क्रमांक 17

कोथरूडचा आमचा टू बीएचके विकायला काढला तेव्हा एजंटने पाचशेच्या स्टँपपेपरवर सही घेतली. ‘फॉर्म्यालिटी आहे काका.’ वीजबिलातल्या ‘इंधन समायोजन आकारा’वरून दर महिन्याला हुज्जत घालणारा मी, चार पानं न वाचता सही करून मोकळा झालो. कारण तो म्हणाला होता, ‘आठ दिवसांत पार्टी आणतो.’

पार्ट्या आणल्या, नाही असं नाही. वेळ ठरलेली: रविवार, दुपारी अडीच. पुण्यात या वेळेला बेल वाजवायला एक तर आग लागलेली असावी लागते, नाहीतर दलाली मिळणार असावी लागते. एका पार्टीने होकायंत्र काढून आमचा गॅस आग्नेयेला नसल्याचं हिच्या तोंडावर सांगितलं. वीस वर्षं त्या ओट्यावर राबलेल्या बाईला! दुसरी पार्टी बाथरूम वापरून गेली. घर न बघताच.

सहा महिन्यांनी मी म्हटलं, पुरे. तर तो म्हणाला, ‘असं तोडू नका काका, पार्टी अगदी काठावर आहे.’ मग कळलं, लेखी नको म्हटलं नाही म्हणून करार आपोआप पुढच्या सहा महिन्यांत शिरलाय.

भाचा वकील. त्याने 1872 चा करार कायदा काढला. कलम 201 प्रमाणे मालकाला एजंटचा अधिकार काढून घेता येतो, पण मुदतीआधी सबळ कारणाशिवाय काढलात तर भरपाई, आणि वाजवी नोटीसही द्यावी लागते. दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबाला आमचा एजंट कुठे भेटला होता कोण जाणे. होकायंत्र, बाथरूम, सगळं सबळ कारण म्हणून घालून नोटीस स्पीड पोस्टाने धाडली. ‘पत्र कशाला काका? मी रोज तुमच्या खालूनच जातो.’

चावी मात्र त्याने निमूट परत दिली. जुडग्याला पिवळी चिकटपट्टी, तिच्यावर पेनने ‘काका कटकट’. तीनपैकी एक चावी आमच्या कुठल्याच कुलपाला लागत नाही. कुणाचं तरी घर आता माझ्याकडे आहे.

आणि चावीसोबत एक यादी. करारातलं कलम 11: त्याने ‘दाखवलेल्या’ कुणीही सहा महिन्यांत फ्लॅट घेतला तर दलाली द्यायची. 85 लाखांवर दोन टक्के म्हणजे 1 लाख 70 हजार, वर जीएसटीचे 30,600. यादीत 23 नावं. क्रमांक 4, माझा मेहुणा. लोणच्याची बरणी द्यायला आला होता. क्रमांक 9, इस्त्रीवाला. क्रमांक 17, खालच्या मजल्यावरचे काका. ते आमच्या बाथरूमची गळती दाखवायला वर आले होते, तर याने त्यांना फ्लॅट दाखवला!

पंचाईत अशी की, काकांना फ्लॅट खरंच आवडला. मुलासाठी हवाय, पैसे तयार आहेत. पण दसऱ्यापर्यंत थांबायला हवं. तोवर जिन्यात भेटलो तरी आम्ही ओळख दाखवत नाही. हा खालूनच जात असतो ना.

परवा दुधाच्या पिशवीखाली त्यांची चिठ्ठी सापडली. ‘दसऱ्याला नक्की. गळतीचे तीन लाख वजा करणार, आत्ताच सांगून ठेवतो.’