तो बघा, तो!

"तो बघा, तो!" मेहुणा म्हणाला.

जीपमधल्या सगळ्या माना झटकन डावीकडे वळल्या. माझीही वळली. पण वळून तिथे पोहोचल्यावर तिला करण्यासारखं काही सापडेना.

"कुठे?"

"अहो भाऊजी, समोरच्या झाडावर!"

आता जंगलात "समोरच्या झाडावर" हा काही पत्ता झाला का? समोर निदान चारशे झाडं होती आणि त्यातलं एकही मागचं नव्हतं. मी हे बोलून दाखवल्यावर त्याने खुलासा केला, "ते वाकडं झाड आहे ना, त्याच्या मागच्या सरळ झाडाची दुसरी फांदी." मी वाकडं झाड शोधायला लागलो. तीन सापडली. त्यातल्या एकाच्या मागे खरंच सरळ झाड होतं. "दुसरी फांदी खालून की वरून?" असं मी विचारलं आणि पक्षी उडाला. तो उडाला हेही मला बाकीच्यांच्या "अरेरे"वरून समजलं.

सहकुटुंब जंगल बघायला गेलेल्या प्रत्येक टोळीत असा एक जण असतोच, ज्याला काहीही दिसत नाही. आमच्यात तो मी. जंगलाची सुट्टी म्हणजे पहाटे साडेचारला उठणं, थंडीत कुडकुडणं, धूळ खाणं, हे सगळे सांगतात. ते सोसता येतं. पण आठ माणसं श्वास रोखून एका दिशेने बघतायत आणि आपण त्याच दिशेने चेहऱ्यावर तेच भाव आणून नुसती पानं बघतोय, या छळाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

पहिल्याच सकाळी गाईडने घड्याळाची पद्धत शिकवली होती. गाडीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन, डावा म्हणजे नऊ. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "साहेब, दोन वाजता बघा." मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. सव्वासहा झाले होते. पावणेआठ तास थांबायची माझी तयारी होती, पण बायकोने कोपर मारलं. मग मी दोनच्या दिशेला डोळे फाडून बघू लागलो, तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी वळवली आणि दोनाचे नऊ झाले.

दुर्बिणीचा उपाय करून झाला होता. दुकानात आठ पटीची आणि दहा पटीची अशा दोन होत्या. जास्त पट म्हणजे जास्त दिसणार, या हिशेबाने मी दहाची घेतली. दहा पटीत प्राणी मोठा होतो तसा आपल्या हाताचा कंपही दहापट होतो आणि दिसणारा तुकडा मात्र आक्रसतो, हे मला चालत्या जीपमध्ये कळलं. दिवसभर मी दहापट मोठी झालेली, थरथरणारी पानं बघितली. एका पानावरच्या अळीने खाल्लेल्या भोकाशी तर माझी चांगलीच ओळख झाली.

"बाबा, तसं नाही करायचं," माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली. "आधी नुसत्या डोळ्यांनी प्राणी बघायचा. मग नजर तिथेच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची."

पद्धत अगदी बरोबर आहे. फक्त तिची पहिली पायरीच माझ्या आवाक्यातली नाही.

मला सगळ्यात जास्त लाज वाटायची ती सासूबाईंसमोर. वय बहात्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचंय. पण कोणी "तो बघा" म्हणायचा अवकाश, त्यांचं "हो हो, दिसला! काय गोड आहे!" तयार. रानकुत्रा असो, घुबड असो, सगळं गोडच. आणि मी धडधाकट जावई शेजारी बसून "कुठे, कुठे" करतोय.

दुसऱ्या दिवशी वाघ आला. म्हणजे आला असं म्हणतात. आधी लांबवर चितळ ओरडलं. मग झाडाच्या शेंड्यावरून वानर खाकरलं. मग सांबराचा तो ढँक्! असा आवाज. गाईडने बोट ओठांवर ठेवलं, "कॉल चालू आहे." कॉल म्हणजे वाघ जवळपास असल्याचा या जनावरांचा इशारा. चितळ उगाच घाबरून ओरडेल, पण सांबर शक्यतो खोटं बोलत नाही, असं या लोकांचं मत. इंजिन बंद झालं. आणि मग जीपमधून एक सामूहिक "आऽऽ" निघाला.

"अहो, तो काय बसलाय!" बायको माझ्या कानात म्हणाली. "त्या पिवळ्या गवतात."

गवत सगळंच पिवळं होतं.

"कान हलला बघा! कानामागचा पांढरा ठिपका दिसला का?"

मला हलताना दिसलं ते गवत, आणि ते क्षितिजापर्यंत हलत होतं. दहा मिनिटं गेली. सगळ्यांचे डोळे ओलावले होते. कोणीतरी माझा खांदा दाबला. अशा वेळी माणूस किती वेळ प्रामाणिक राहणार? मी म्हणालो, "हो हो, दिसला! अप्रतिम!"

परतताना लेकीने विचारलं, "बाबा, तो बसला होता की उभा होता?"

बायकोच "बसलाय" म्हणाली होती. पण गडबडीत ते डोक्यातून गेलं आणि मी म्हणालो, "मधेच कुठेतरी."

रात्री मेहुण्याने कॅमेऱ्यातले फोटो दाखवले आणि माझी शेवटची आशा संपली, कारण वाघ मला फोटोतही दिसेना. फोटोतला वाघ कुठे जात नव्हता, वर मेहुण्याने त्याच्यावर बोट ठेवलं होतं. बोट असेपर्यंत तिथे वाघ असावा असं वाटायचं, बोट काढलं की गवत. "प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, भाऊजी. आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यावरून कुठला वाघ ते ओळखतात," तो उत्साहाने सांगत होता. मला वाघ कुठला आणि गवत कुठलं, तेच ठरवता येत नव्हतं.

गाईडला माझी दया आली असावी. तो म्हणाला, "साहेब, चितळालाही नाही दिसत." चितळाला म्हणे लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. वाघाचा केशरी रंग त्याला गवतापानांसारखा हिरवटच दिसतो. त्या रात्री मला चितळांबद्दल फार आपुलकी वाटली. आपलं कुळ सापडल्यासारखं झालं. (घरी परतल्यावर मी डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. त्यांनी रंगीत ठिपक्यांमध्ये लपलेले आकडे वाचायला लावले. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1917 मध्ये काढलेली चाचणी आहे ती. मी एकही आकडा चुकलो नाही. "डोळे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. इतकी वाईट बातमी मला कोणी हसत हसत दिली नव्हती.)

एक दुपार तेवढी सुखाची गेली. तांबट पक्षी टुक्, टुक्, टुक् करत होता, आणि तो कोणालाच सापडत नव्हता. हिरव्या पानांतला हिरवा पक्षी, तोही चिमणीपेक्षा थोडाच मोठा. शिवाय ओरडताना मान फिरवत राहतो, त्यामुळे आवाज कधी इकडून येतो, कधी तिकडून. मेहुणा तीन झाडांखाली जाऊन आला. बायकोची मान अवघडली. अर्धा तास सगळं कुटुंब माझ्या पातळीवर येऊन राहिलं होतं. मी झाडाला टेकून शांतपणे टुक्टुक् ऐकत होतो.

शेवटच्या सकाळी मुक्कामाच्या मागच्या पायवाटेवर आम्ही चालत होतो. बुटाची नाडी बांधायला मी वाकलो, आणि हातभर अंतरावरच्या पाचोळ्याला डोळा होता.

रातवा! हा पक्षी घरटं बांधत नाही, अंडीही जमिनीवरच घालतो. दिवसभर डोळे किलकिले करून पाचोळ्यात पाचोळा होऊन बसतो आणि पाय अंगावर पडायची वेळ आली तरी हलत नाही. आणि तो मला दिसला होता. मला! कोणी न दाखवता!

"तो बघा, तो!" मी कुजबुजलो.

"कुठे?"

"तिथे, पानांत."

"पानं तर सगळीकडेच आहेत, भाऊजी."

"अरे, ते वाळकं पान आहे ना, त्याच्या शेजारच्या वाळक्या पानाच्या..." पुढचे शब्द माझ्या तोंडातच राहिले. मेहुण्याने भलत्याच पानावर कॅमेरा रोखला. लेक "दहा वाजता की अकरा वाजता?" विचारत होती. बायको माझ्या बोटाकडेच बघत होती. सगळ्यांच्या माना भलत्या ढिगावर वाकलेल्या असताना रातवा उठला, जराही आवाज न करता जमिनीलगत तरंगत गेला आणि झुडपाआड दिसेनासा झाला. तो जाताना मी एकट्याने पाहिला.

आणि मग मागून आवाज आला, "हो हो, दिसला! काय गोड आहे!"

सासूबाई माझ्या बोटाच्या रोखाने, रिकाम्या पाचोळ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला.

"आजी, तो बसला होता की उभा होता?" लेकीने विचारलं.

"बसला होता," मीच सांगून टाकलं.