भिंतीतला दणका आणि 'अडकलेली हवा'

वॉशिंग मशीन पाणी घेताना भिंतीतून धाडधाड आवाज येतो, त्यावरचा एक रामबाण उपाय सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. म्हणणं थोडक्यात असं: पाइपात हवा अडकलेली असते, घरातले सगळे नळ एकदम उघडून ती काढा; तरी नाही थांबलं तर मशीनचा व्हॉल्व्ह बदला, मशीन रबरी पायांवर ठेवा, मशीनला पाणी देणारा भिंतीवरचा कॉक थोडा आवळून ठेवा; आणि पाइप प्लास्टिकचे असतील तर निर्धास्त राहा. आमच्या इमारतीत दोघांनी हे वाचून व्हॉल्व्ह बदलून घेतले. दणका होता तिथेच आहे.

आधी हवेचं. पाइपात हवा असली की नळ फुसफुसतो, पिचकाऱ्या मारतो. टाकी कोरडी पडून पुन्हा भरली की हे आपण बघतोच. ती हवा नळावाटे निघून जाते, किंवा गच्चीवर उतरत्या लाइनला उघड्या तोंडाची उभी नळी ठेवलेली असते, तिच्यातून. मशीनचा दणका वेगळा. हातानं नळ बंद करायला सेकंद-दोन सेकंद लागतात. मशीनचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह पापणी लवायच्या आत मिटतो. मागून येणारं पाणी जागच्या जागी अडतं आणि त्याची धडक पाइपावर बसते. मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये याचं गणित मांडलं. अर्धा इंची पाइपातून मिनिटाला १० लिटर पाणी वाहतं तेव्हा वेग असतो सेकंदाला १ मीटरच्या आसपास. तो एका झटक्यात शून्यावर आला तर लोखंडी पाइपात क्षणभर १० ते १२ किलो जादा दाब चढू शकतो (किलो म्हणजे प्लंबर म्हणतात तो, चौरस सेंटिमीटरवरचा). सात मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर टाकीचा रोजचा दाब असतो २ किलोच्या आसपास.

मग नळ उघडल्यावर काहींचा आवाज खरंच कसा थांबतो? इथे गंमत आहे. जुन्या पद्धतीत नळाजवळ पाइपाचा फूटभर उभा तुकडा काढून वर बूच मारत. त्यात कोंडलेली हवा उशीसारखी दबायची आणि धक्का पिऊन टाकायची. ही हवा हळूहळू पाण्यात विरघळते, तुकडा पाण्यानं भरतो, दणका परत सुरू. वरून पाणी बंद करून लाइन पूर्ण रिकामी केली की तिथे पुन्हा हवा शिरते. म्हणजे गुण आला तो हवा शिरल्यामुळे, आणि संदेश सांगतो ती काढायला! माझ्या पाहण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये असा तुकडा नाहीच. तिथे नळ उघडून फक्त टाकी रिकामी होते.

व्हॉल्व्ह बदलण्याबद्दल एवढंच, की नवा व्हॉल्व्हही तसाच फटकन मिटणार. तो गळत असेल किंवा नीट बंद होत नसेल तरच बदला.

प्लास्टिकचं म्हणणं अर्धं खरं. सीपीव्हीसी (घरात वापरतात तो प्लास्टिकचा पाइप) थोडा ताणला जातो, त्यामुळे तोच धक्का साधारण ५ किलोवर येतो. पण पाइप डक्टमध्ये (पाइप नेण्यासाठीच्या उभ्या पोकळीत) लोंबत असेल, क्लॅम्प निखळले असतील, तर तेवढ्यानंही तो भिंतीवर आपटतो. पुष्कळदा आपल्याला ऐकू येतं ते हे आपटणंच. दोन क्लॅम्प आणि मध्ये रबराची पट्टी, एवढ्यावर काम भागतं. आणि मशीन रबरी पायांवर ठेवून काही होत नाही. ती सोय कपडे पिळतानाच्या थरथरीसाठी.

खरं तर खर्च करण्याआधी आवाज नेमका कधी येतो ते ऐकावं. पाणी थांबतानाच एक 'ठक' आला तर तो वर सांगितलेला धक्का. (फ्रंट लोड मशीन धुताना अधूनमधून थोडं थोडं पाणी घेतं, म्हणून तो पुन्हा पुन्हा येतो.) पाणी येत असतानाच सलग खडखड चालू असेल तर त्याच भिंतीवरच्या कॉकमधला (अँगल कॉक) सैल वॉशर बघा. घरात प्रेशर पंप असेल आणि तो चालू-बंद होताना आवाज येत असेल तर पंपाकडे वळा; तिथला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारा) आपटतो, किंवा दाबच गरजेपेक्षा जास्त ठेवलेला असतो.

कॉक थोडा आवळून ठेवणं मात्र मला पटतं. पाण्याचा वेग कमी, तेवढा दणका कमी. फार आवळलात तर मशीन पाणी येत नाही म्हणून थांबेल. आवळल्यावर नवीच खडखड सुरू झाली तर पुन्हा तोच वॉशर.

एवढं करूनही 'ठक' राहिला तर कॉक आणि मशीनचा होज (पाण्याची नळी) यांच्यामध्ये बसणारा अरेस्टर, म्हणजे धक्का पिणारं छोटं उपकरण, घ्या. आत बंदिस्त हवा आणि पिस्टन. जुन्या बूचवाल्या तुकड्याचीच सुधारलेली आवृत्ती, फक्त हवा पाण्याला लागत नाही. तो लांब डक्टमध्ये नको, मशीनजवळच बसवा. ऑनलाइन मागवताना आटे तपासा. आपल्याकडचे पाऊण इंची आटे इंचाला १४ असतात, अमेरिकन होजचे साडेअकरा. दिसायला दोन्ही सारखेच; अर्धा फेरा बसतो आणि मग रात्रभर गळतो.