ॲल्युमिनियमच्या पेटीचा आग्रह आणि जुन्या मोटारसायकलची चेसिस

दिवाळी उरकली, नागपुरातली हवा सुसह्य झाली आणि पचमढी-चिखलदऱ्याचे बेत सुरू झाले, की जुन्या बुलेट, येझदी आणि राजदूत बाळगणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा : जुन्या गाडीवर लांबचा प्रवास करायचा तर ॲल्युमिनियमच्या टणक पेट्याच बसवाव्यात, कारण त्या सर्वांत हलक्या असतात आणि कोणत्याही गावात दुरुस्त होतात, पेटी जितकी मोठी तितकी सोय अधिक, सामान मागे किंवा उंचावर ठेवल्याने चालवण्यात फरक पडत नाही, अशा पेटीत पाणी जात नाही आणि चोरीची भीती उरत नाही, आणि बसवताना नटबोल्टच्या भानगडीत न पडता पेटी पेलणारा स्टँड सरळ चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्ड करून टाकावा. हा मजकूर वाचून पेट्या बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, त्यातली एक माझीच आहे, म्हणून त्यातील एकेका विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

प्रथम हलकेपणा. ४० सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर उंच अशी, म्हणजे ३५ लिटरची, पेटी घेतली तर तिच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे ०.६५ चौरस मीटर भरते. दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा वापरल्यास नुसत्या पत्र्याचे वजन अडीच किलोहून थोडे अधिक होते, तर तीन मिलिमीटर जाडीच्या एबीएस या टणक प्लास्टिकचे सुमारे दोन किलो. बिजागऱ्या, कड्या, कोपऱ्यांच्या पट्ट्या आणि कुलूप दोन्हींना लागतातच. म्हणजे ॲल्युमिनियम हलके आहे ते लोखंडाच्या तुलनेत. प्लास्टिकच्या तुलनेत नाही. खरे वजन पेटी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडचे असते, आणि त्याचा या मजकुरात उल्लेखही नाही. जुन्या गाडीला ॲल्युमिनियमच शोभते, हे त्यासोबत सांगितले जाणारे कारणही इतिहासाला धरून नाही. ब्रिटनमधील क्रेव्हन या कंपनीच्या पेट्या फायबरग्लासच्या होत्या, जर्मनीतील क्राउझर कंपनीच्या पेट्या प्लास्टिकच्या होत्या, आणि १९८० साली होंडाने गोल्डविंग या मोठ्या मोटारसायकलचे इंटरस्टेट हे रूप कारखान्यातूनच पेट्या लावून विकायला काढले तेव्हा त्याही धातूच्या नव्हत्या. दणकट ॲल्युमिनियमच्या चौकोनी पेटीचे आजचे आकर्षण बरेचसे अलीकडच्या मोठ्या साहसी मोटारसायकलींकडून आलेले आहे.

ॲल्युमिनियमचा एक दोष मात्र वापरल्याशिवाय कळत नाही. एकाच सिलिंडरच्या इंजिनाच्या थरथराटाने आतले सामान पत्र्यावर सतत घासत राहते आणि त्यातून काळी भुकटी सुटते. जबलपूरला पोहोचल्यावर पांढऱ्या सदऱ्यावर उमटलेले काळे पट्टे मी दोनदा धुतले आणि दोन्ही वेळा ते पूर्ण निघाले नाहीत. आतून जाड कापडाचे किंवा फोमचे अस्तर लावले की हा त्रास थांबतो. ॲल्युमिनियमची पेटी आधीच घेतली असेल त्याने पहिल्या प्रवासापूर्वी अस्तर लावून घ्यावे.

कोणत्याही गावात दुरुस्ती होते, हे विधान अर्धेच खरे आहे. पोचा आलेला पत्रा लाकडी ठोकळा आणि हातोडी घेऊन कोणीही सरळ करू शकतो, हे मान्य. परंतु फाटलेला सांधा जोडायचा तर ॲल्युमिनियमला आर्गॉन वायूचे वेल्डिंग लागते, आणि हमरस्त्यावरच्या गावात जाळ्या-दरवाजे जोडणाऱ्या कारागिराकडे ते सहसा नसते. तिथे पॉप रिव्हेट, म्हणजे हातयंत्राने ठोकायच्या धातूच्या खिळ्या, मारून पट्टी बसवणे हाच उपाय उरतो. उलट फायबरग्लासची चीर काचतंतूंचे कापड (मॅट) आणि घट्ट होणारा राळेसारखा द्रव (रेझिन) लावून घरच्या घरी बुजवता येते. एबीएसलाही योग्य द्रावकाने जोडता येते. पॉलिप्रोपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकला मात्र कोणताही साधा गोंद धरत नाही, म्हणून प्लास्टिकची पेटी घेताना ती नेमकी कशाची आहे हे पाहून घ्यावे. ऊन हा प्लास्टिकचा खरा शत्रू आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीवरचे स्वस्त प्लास्टिक फिके पडून ठिसूळ होते. एवढ्या बाबतीत मजकूर लिहिणाऱ्याचे म्हणणे मी मान्य करतो.

आता आकार. लोखंडी, म्हणजे बिडाच्या सिलिंडरच्या, जुन्या बुलेट ३५०ची ताकद सुमारे १८ अश्वशक्ती, आणि तिला थांबवायला ड्रम ब्रेक. अशा गाडीला दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस लिटरच्या पेट्या लावल्या की त्या भरल्या जातातच. रिकामी जागा ठेवून निघणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही. इटलीची गिवी ही कंपनी आधुनिक, कितीतरी अधिक मजबूत गाड्यांसाठी बनवलेल्या आपल्या बाजूच्या पेट्यांवर दहा किलोंची मर्यादा सांगते, याचा विचार व्हावा. शिवाय २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार दुचाकीवर बसवायच्या हलक्या पेटीची लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० मिलिमीटर आणि उंची ५०० मिलिमीटर याहून अधिक असू नये. आणि पेटी मागच्या माणसाच्या जागी बसवली तर गाडीवर चालकाव्यतिरिक्त कोणी बसू नये. रुंदीचा प्रश्न गावातही आहेच. नागपुरातल्या सीताबर्डी बाजाराच्या गर्दीतून हँडल निघते म्हणून पेटीही निघेल असे समजणारा चालक दुसऱ्याच्या गुडघ्याला इजा करतो. रेतीत किंवा चिखलात पाय टेकताना गाडी पुढे सरकली तर टणक पेटीची कड पोटरीवर येते, आणि कापडी पिशवी जिथे दबून जाते तिथे पेटी दबत नाही.

बाजूच्या पेट्यांविषयी आणखी एक गोष्ट या मजकुरात राहून गेली आहे. मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या दुचाकीला हाताने धरण्याची जागा, पाय ठेवण्याची जागा आणि मागील चाक झाकणारे संरक्षण, म्हणजे आपले साडी गार्ड, असणे त्याच केंद्रीय नियमांतील नियम १२३ प्रमाणे बंधनकारक आहे. डाव्या पेटीला जागा करण्यासाठी साडी गार्ड काढून टाकण्याचा सल्ला फिटर सर्रास देतात. पेटी लावलेली असेपर्यंत ती चाक झाकते हे खरे, पण मुक्कामाला पेट्या उतरवून त्याच गाडीवर घरच्या बाईला देवळात नेले जाते, तेव्हा पदर आणि आरे यांच्यामध्ये काहीही नसते. माझी थोरली बहीण अजूनही साडी नेसून एका बाजूला पाय सोडून मागे बसते. तिच्यासाठी मी डावा स्टँड साडी गार्डच्या बाहेरून काढून घेतला. त्यामुळे पेटी चार सेंटिमीटर बाहेर आली आणि मला लहान पेटी घ्यावी लागली. त्याचे मला काही वाटत नाही.

सामान कुठेही ठेवले तरी फरक पडत नाही, हे विधान सर्वांत घातक आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. बुलेटच्या दोन चाकांच्या आसांमधील अंतर १३७ सेंटिमीटर आहे. भरलेली बारा किलोंची टॉप बॉक्स, म्हणजे सीटच्या मागे उंचावर बसणारी पेटी, मागच्या आसाच्या ३५ सेंटिमीटर मागे बसवली, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकावरचा भार सुमारे तीन किलोंनी घटतो आणि मागच्या चाकावर बारा नव्हे, पंधरा किलो वाढतात. तेच बारा किलो दोन्ही बाजूंना विभागून आसाच्या दहा सेंटिमीटर पुढे ठेवले, तर पुढच्या चाकावरही जवळपास एक किलो भार येतो. तीन किलो ही मोठी संख्या वाटत नसेल, परंतु मागे माणूस बसलेला असताना आणि चिखलदऱ्याच्या घाटात चढणीवर पुढचे चाक आधीच हलके झालेले असताना हँडलची पकड सैल झाल्याचे हाताला स्पष्ट कळते. टॉप बॉक्स जमिनीपासून मीटरभर उंच असते, त्यामुळे वळणावर गाडी झुकवताना आणि पुन्हा सरळ करताना तिचा विरोध जाणवतो, आणि स्टँड लवचिक असेल तर ती शेपटीसारखी डुलून ती हालचाल साऱ्या गाडीत उतरवते. मागची बाजू दबल्याने दिव्याचा झोतही वर उचलला जातो. जुन्या गाडीच्या मंद दिव्याने रस्ता आधीच कमी दिसतो, तो आणखी कमी दिसतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर मात्र उजेड जातो. जड वस्तू, म्हणजे हत्यारे, ट्यूब, तेलाची बाटली, पेट्यांच्या तळाशी आणि पुढच्या कोपऱ्यात ठेवाव्यात. टॉप बॉक्स हवीच असेल तर तिच्यात रेनकोट आणि स्वेटर एवढेच असावे.

पाण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पाणी अडवते ते झाकणाचे रबर, धातू नव्हे. रिव्हेट मारलेल्या सांध्यांतून विदर्भातला जुलैचा पाऊस आत शिरतोच. आत प्लास्टिकची वेगळी पिशवी ठेवली की प्रश्न मिटतो. चोरीचे म्हणाल, तर पेटीचे कुलूप स्टँडच्या नटाइतकेच भक्कम असते, आणि तो नट कोणाच्याही पान्याने सुटतो.

राहिला वेल्डिंगचा सल्ला. सहा वर्षांपूर्वी मी तो मानला. शहरातल्या एका कारागिराने सीटखालच्या नळीला दोन्ही बाजूंनी अँगलचे तुकडे आर्क वेल्डिंगने जोडून दिले. काम दिसायला भक्कम होते आणि मी समाधानाने पैसे दिले. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही आणि आमचे जाणे-येणे जुन्या रस्त्यांनीच होते, त्यामुळे गतिरोधक आणि खड्डे यांचे धक्के त्या जोडाने पुष्कळ खाल्ले. तिसऱ्या प्रवासात नागपूर-जबलपूर रस्त्यावर देवलापारच्या पुढे, जंगलाच्या पट्ट्यात, उजवा अँगल तुटला. तो वेल्डमध्ये तुटला नव्हता, वेल्डच्या अगदी कडेला नळीलाच तडा गेला होता. पातळ नळीला आर्कची उष्णता लागली की त्या कडेचा धातू कमकुवत होतो, तिथे बारीक खाच राहते, आणि एका सिलिंडरच्या इंजिनाच्या लाखो थरथराटांनी तडा नेमका तिथून सुरू होतो. पेटी सायलेन्सरवर टेकली, ॲल्युमिनियमने उष्णता आत पोहोचवली आणि रेनकोट तळाला चिकटून वितळला. पेटी सीटवर बांधून मी वीसच्या वेगाने मनसरपर्यंत परत आलो. रेनकोट नवा घेता आला. चेसिस नवी घेता येत नाही.

त्यानंतरचा स्टँड मी वेल्डशिवाय बसवून घेतला. शॉकअपचा वरचा बोल्ट, मडगार्डच्या पट्टीचा बोल्ट आणि मागच्या पायदानाचा बोल्ट अशा प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी तो धरलेला आहे. मूळ बोल्टऐवजी त्याच प्रतीचे पण लांब बोल्ट घातले, सगळीकडे नायलॉक नट, म्हणजे थरथराटाने सैल न होणारे नायलॉनच्या कडीचे नट, लावले, आणि नंबर प्लेटच्या मागून दोन्ही बाजू एका आडव्या पट्टीने जोडल्या. ती आडवी पट्टी बहुतेक जण वगळतात, आणि ती नसेल तर दोन्ही पेट्या आपापल्या लयीत डोलत राहतात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळावेत. किक उजवीकडे असल्याने पेटी बसवण्यापूर्वी किक पूर्ण खाली मारून पाय कुठे जातो तेही पाहावे.

यात कायद्याचाही एक भाग आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात जतन केलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र अशी नोंदणी झाल्यावर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच बाहेर काढता येते. चेसिसमध्ये फेरफार झालेली गाडी या मूळ स्वरूपाच्या अटीत अडकते. माझी बुलेट १९७४ ची आहे, म्हणजे वयाने ती पात्र झाली आहे. स्टँड आठ बोल्ट काढले की वीस मिनिटांत उतरतो आणि त्याची खूणही राहत नाही; सीटखालच्या नळीवर मात्र तडा बुजवून घासलेल्या जागा आहेत, आणि रंग दिल्यानंतरही बोट फिरवले की त्या हाताला लागतात.