सेल लावला की आकडा दिसतो, मग एसी कशाला?

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: लेखात एलसीडीला डीसी (एकाच दिशेचा व्होल्टेज) देऊ नका असं बजावलंय, पण तुम्ही जुन्या कॅलक्युलेटरच्या काचेला 3 व्होल्टचा सेल थेट जोडला आणि सेगमेंट (आकड्याची एक रेघ) स्वच्छ काळा झाला. तेव्हा एसीची (सतत दिशा बदलणाऱ्या व्होल्टेजची) अट हा निव्वळ पुस्तकी बाऊ आहे.

सेगमेंट काळा होणारच. एलसीडीच्या काचांमधल्या द्रवस्फटिकाचे रेणू विद्युतक्षेत्राच्या वर्गाला प्रतिसाद देतात, त्यामुळे अधिक-उणे कुठूनही जोडलं तरी ते सारखेच वळतात. टीएन (ट्विस्टेड नेमॅटिक, म्हणजे पीळ दिलेल्या) प्रकारात दोन काचांमधली फट जेमतेम 5 ते 10 मायक्रॉन असते. दीड-दोन व्होल्टच्या वर गेलं की रेणूंच्या रांगेचा 90 अंशांचा पीळ सुटतो आणि दुसरा पोलरायझर (एकाच दिशेच्या कंपनाचा प्रकाश सोडणारी पट्टी) प्रकाश अडवतो.

दिशेचा फरक पडतो तो आयनांना, म्हणजे विद्युतभारित कणांना. मिश्रण कितीही शुद्ध केलं तरी त्यात थोडे आयन उरतात, काही सीलच्या गोंदातूनही झिरपतात. डीसी मिळाला की ते आपापल्या इलेक्ट्रोडकडे सरकून पॉलिइमाइडच्या थराशी (रेणूंना रांगेत ठेवणाऱ्या काचेवरच्या लेपाशी) साचतात. पहिली खूण म्हणजे सेल काढल्यावरही आकड्याची पुसट सावली राहते. तसंच चालू ठेवलं तर विद्युतविघटन सुरू होतं, इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर ऋण बाजूला काळपटतो, बुडबुडे येतात आणि सेगमेंट कायमचा जातो. काही सेकंदांच्या चाचणीत यातलं काहीच दिसत नाही.

एसीसाठी वेगळा सप्लाय लागत नाही, तोच सेल पुरतो. बॅकप्लेनला (सगळ्या सेगमेंटच्या समोरच्या सामाईक इलेक्ट्रोडला) 50-60 हर्ट्झची चौकोनी लहर द्या. प्रत्येक सेगमेंटमागे सीडी4070 या चिपमधलं एक एक्सॉर गेट (दोन इनपुट वेगळे असले तरच 1 देणारं) घ्या: एका इनपुटला तीच लहर, दुसऱ्याला चालू-बंदचा संकेत. संकेत 0 असेल तर दोन्ही टोकं एकत्र वरखाली होतात, फरक शून्य. 1 असेल तर लहर उलटते आणि काचेवर आलटून-पालटून +3 आणि −3 व्होल्ट येतात. 30 हर्ट्झच्या खाली गेलात तर आकडा लुकलुकतो. न वापरलेले सेगमेंट बॅकप्लेनला जोडा, लोंबकळत ठेवले तर ते अर्धवट उमटतात.

सगळ्यांत जास्त फसगत ही लहर तयार करणाऱ्या 555 टायमर चिपमुळे होते. (3 व्होल्टवर सीमॉसवालाच घ्या, साधा चालत नाही.) त्याची लहर नेमकी अर्धी-अर्धी नसते. ती 60 टक्के वर आणि 40 टक्के खाली असली, तर चालू सेगमेंटवर सरासरी 0.6 व्होल्ट डीसी बसतो आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून 555 दुप्पट वारंवारतेला चालवून सीडी4013 फ्लिपफ्लॉपने (दर ठोक्याला आउटपुट पालटणाऱ्या चिपने) वारंवारता दोनने भागा. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून सेगमेंट आणि बॅकप्लेनमध्ये मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत हवं.

टीव्हीला डीसीच जातो, असंही तुम्ही लिहिलंय. ॲडॉप्टरमधून डीसी येतो हे खरं, पण काचेपर्यंत तो तसा पोचत नाही. टीएफटी पॅनलमध्ये (प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा ट्रान्झिस्टर असलेल्या टीव्हीच्या काचेत) दर फ्रेमला पिक्सेलची ध्रुवता उलटते. रिपेअरवाले व्हीकॉम (पिक्सेलच्या समोरच्या सामाईक इलेक्ट्रोडचा व्होल्टेज) जुळवतात ते या दोन्ही ध्रुवता समान पडाव्यात म्हणून. तो बिघडला की आधी फ्लिकर, मग एकाच जागी राहणाऱ्या लोगोचा डाग.

तुमच्या काचेवर सावली उरली असेल तर बॅकप्लेनसकट सगळी टोकं एकत्र शॉर्ट करून ठेवा, साचलेले आयन हळूहळू पांगतात. काळपटलेला थर मात्र दुरुस्त होत नाही.