दोन रंग, एकशे चार टाके

‘सोपा’ म्हटलं की माझा लगेच विश्वास बसतो, आणि माझी निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. मोबाइलवर एक बाई हसत हसत सांगत होत्या, पट्ट्यांचा लेडीज स्वेटर म्हणजे नुसतं सुलट नि उलट; ज्याला दोन रंग ओळखता येतात त्याला जमणारच. दोन रंग मला ओळखता येतात. अमळनेरच्या बाजारातून मी हिरवी नि पांढरी लोकर आणली, सुयांच्या दोन जोड्या आणल्या, आठ नंबरची नि दहाची. सुयांचा हिशोब उफराटा असतो. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. म्हणजे काठाला दहाची, अंगाला आठची. हे समजेपर्यंत माझा दोन सुलट दोन उलटचा अख्खा काठ आठवर विणून, उसवून, लोकरीचा शेवया झालेला गुंडा पुन्हा पिशवीत गेला होता.

सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, “अव बई, आठे थंडी कितला दिन राहस? तू इनशी तवलोंग उन्हाया ई जाई.”

हा खानदेशच्या थंडीचा अपमान होता. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो म्हणून लोकांना वाटतं, इथे स्वेटर फक्त लग्नाच्या फोटोत दिसतो. जानेवारीत तोच पारा १० च्या खाली उतरतो. मी जळगावला अपडाउन करते. पहाटे फलाटावर उभं राहिलं की कानाच्या पाळ्या आहेत की गळून पडल्या, ते हात लावून बघावं लागतं.

तेव्हा विणकाम गाडीतच करायचं ठरलं. तासाभराचा प्रवास, लेडीज डबा, आणि डब्यात चाळीस तज्ज्ञ. हातात सुया दिसल्या की ज्या बाईने आयुष्यात बटणसुद्धा लावलेलं नाही तीही विचारते, “नमुना विणला होता का?”

नव्हता विणला. मोबाइलवाल्या बाईंनी बजावलं होतं, आधी चार इंचांचा चौकोन विणा, त्यात बावीस टाके बसतात का ते मोजा. मी तेवढा भाग पुढे ढकलून बघितला. छाती ३८ इंच, म्हणजे पाठ १९ इंच, म्हणजे साधारण १०४ टाके. गणित बरोबर होतं. पण ते त्यांच्या हाताचं होतं आणि विणणार माझा हात होता, एका बाजूने खिडकीतलं वारं नि दुसऱ्या बाजूने शेजारणीचं कोपर सांभाळणारा.

पट्ट्यांत एकच खुबी असते. पट्टा सम ओळींचा ठेवायचा. सहा ओळी हिरव्या, सहा पांढऱ्या. मग थांबलेला धागा त्याच कडेला तुमची वाट बघत असतो, तोडायची गरज नाही, कडेकडेने अलगद वर न्यायचा. मी एकदा धरणगावजवळ कुणाच्या तरी सुनेची गोष्ट ऐकता ऐकता पाचव्याच ओळीला रंग बदलायला गेले. मी या टोकाला नि पांढरा धागा त्या टोकाला. समोरची म्हणाली, “जायचं जळगावला नि बसल्या सुरतच्या गाडीत!”

घरी येऊन बघितलं तर पट्ट्यांत महिनाभराची हकिगत उतरली होती. ज्या दिवशी गाडी रखडली नि साहेब बोलले तो पट्टा असा करकचून विणलेला की सुई आत शिरेना. रविवारी उन्हात बसून विणलेला अघळपघळ. नणंद राहायला आली त्या आठवड्याचा तर नाडीसारखा होता.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरलाच ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, प्रताप महाविद्यालयाच्या आवारात. घरच्या अंगणात संमेलन, नि मी जाणार नाही? पिशवी घेऊन गेले. मांडवात बसून निवांत विणत होते. कवितेची एक ओळ अशी आली की सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला, नि मीही वाजवल्या.

हातात सुया असताना!

अकरा टाके सुईवरून उतरले. दहा जागीच थबकले, पण अकरावा घसरला तो तीन पट्टे खाली, मागे एक आडव्या धाग्यांची शिडी सोडून. मी अंबाड्यातला आकडा काढला आणि एकेक पायरी आकड्याने ओढून टाका वर चढवायला घेतला. हिरव्या सहा, पांढऱ्या सहा, पुन्हा हिरव्या सहा. तेवढ्यात दोन कवी होऊन गेले. शेजारच्या आजोबांचं व्यासपीठाकडे लक्षच नव्हतं. टाका सुईवर बसला तेव्हा हलकेच म्हणाले, “वा!”

मार्चमध्ये पुढचा-मागचा भाग जोडला. बाह्यांचा विषय मी घरात काढला नाही, कुणी काढू दिला नाही. पाठ भरली सोळा इंच. म्हणजे ३८ च्या जागी ३२. गळ्यातून डोकं गेलं, पुढे काही जाईना. सासूबाईंनी तो उन्हात धरला. हिरवट, त्यावर पांढरे पट्टे, मध्ये फुगीर, वर निमुळता.

“अव माय! हाई त भरितनं वांगं शे!”

जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेवढंच माझं समाधान.

पुढच्या हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या. सासूबाई मुळात काडीसारख्या. नऊवारीवर माझा बिनबाह्यांचा स्वेटर घालून धुराच्या कडेला ऐटीत बसल्या होत्या. शेजारच्या मळ्यातल्या काकूंनी विचारलं, कोणी विणला?

“आमनी सूननी इनं,” सासूबाई म्हणाल्या. मी जरा सावरून बसले. “मापमा चुकनी, म्हनीसन माले भेटनं.”