डाग फर्निचरचा आहे, सर

टीपॉयला पाय चार, गालिच्यावर डागही चारच. प्रत्येक पायाच्या नेमक्या जागी मधोमध काळा ठिपका आणि भोवती तपकिरी कडं. दिवाळीआधी घर चकाचक करून देणाऱ्यांची पोरं आली, यंत्रानं गालिचा भिजवला, पाणी ओढलं आणि ओल्या गालिच्यावरच टीपॉय ठेवून निघून गेली. पायांखाली प्लास्टिकचे चार तुकडे सरकवायचे, एवढीच काय ती विद्या. फोन केला तर मधाळ आवाजात उत्तर आलं, "सर, डाग फर्निचरचा आहे. आम्ही फक्त गालिच्याचं बघतो."

अहो, पण फर्निचरचा डाग पडलाय कुठे? हे तोंडातून निघेपर्यंत "आणखी काही मदत करू शकते का?" झालंसुद्धा. आणखी?

तेवढ्यात समोरचे काका पेपर न्यायला आले. काका निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक. आमचा पेपर ते रोज नेतात, आणतात क्वचित. डाग पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते नातवाच्या बारशालाही नव्हतं.

"टीपॉय सागवानी?"

"हो."

"पायांच्या तळाला लोखंडी टिकल्या?"

"असतील."

"असतील नाही. उलटा करा."

रिमोट, पेपर, कालचे चहाचे कप, सगळं जमिनीवर उतरवून मी टीपॉय उलटा केला. टिकल्या होत्या आणि छान गंजल्या होत्या.

"लाकडात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य; टिकलीत लोखंड, वरून पाणी. काय तयार झालं?"

"डाग."

"शाई!" काका एवढ्यानं ओरडले की खालचं कुत्रं भुंकलं. "पूर्वी हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोखंड एकत्र करून शाई करायचे. तुमच्या टीपॉयनं रात्रभर बसून तेच केलंय."

मग काका हिरड्यावर घसरले. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला बाळहिरडा, तो वेचणारे आदिवासी, त्यांना न मिळणारा भाव, कातडी कमावणं. सगळं खरं आणि महत्त्वाचं, पण माझ्या गालिच्याचं काय? चहा झाला, चिवडा झाला. शेवटी ही कंटाळून ब्लीचची बाटली घेऊन आली.

"थांबा! गंजावर ब्लीच ओतलंत तर डाग जन्माचा पक्का होईल. आणि लोकर असेल तर लोकरही जाईल."

"लोकरच आहे," ही म्हणाली. "दादानं काश्मीरहून आणलाय. अस्सल!"

"अस्सल?" काकांनी कडेचा एक धागा उपटला, माझ्याकडे काडेपेटी मागितली आणि धागा पेटवला. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. आमचा धागा वितळला. त्याची टणक काळी गोळी झाली आणि हॉलभर प्लास्टिकची बादली जळाल्याचा वास पसरला.

ही गोळीकडे बघत राहिली. मी छताकडे.

"अहो, मग उत्तमच झालं की!" काका म्हणाले. "याला लिंबाची कसली भीती!"

लिंबाचा रस, मीठ, पांढरं फडकं. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. रंग उडतो का ते आधी कडेला बघून घ्यायचं. मग पाण्यानं टिपायचं आणि पंखा सोडायचा. काका सोफ्यावरून "टिपा, टिपा" म्हणत होते, मी गुडघ्यांवर होतो. डाग बऱ्यापैकी गेले. पण त्यांच्या जागी चार लख्ख गोल उमटले, कारण बाकीचा गालिचा त्यांच्यापुढे मळकट दिसायला लागला. म्हणजे माझे पैसे घेऊन त्या यंत्रानं नेमकं धुतलं काय?

कंपनीचा मेसेज आलाय, पाच तारे द्या म्हणून. एक तारा द्यायला बोट शिवशिवतं. पण एक तारा दिला की कापले जाणार त्या पोरांचे पैसे, मधाळ आवाजवालीच्या साहेबाचे नाहीत. म्हणून तोही देता येत नाही, याचाच जास्त संताप आहे.

भाऊबीजेला दादा आला. लख्ख गोलांवरून पाय फिरवत म्हणाला, "अस्सल लोकर आहे हो, जरा जपून वापरत जा." ओवाळणी व्हायची होती, म्हणून हिनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी काडेपेटी निरांजनाजवळच ठेवली.